‘परत आले नाहीत’ एवढंच लिहिलेलं असेल तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबा १९४४ साली बंगालमध्ये शालबनीच्या विमानतळावर भांडारात कारकून होते. त्यांच्या ट्रंकेत लिबरेटर बॉम्बरपुढे उभ्या असलेल्या नऊ जणांचा फोटो निघाला. मागे आजोबांच्या हातची नावं, एक तारीख आणि खाली तीन शब्द: ‘परत आले नाहीत’. तुम्ही शोधायला लागलात, तर एके ठिकाणी जपानी लढाऊ विमानांनी पाडलं असं वाचायला मिळालं, दुसरीकडे वादळात सापडलं असं, आणि तिसरीकडे विमानात सोनं होतं म्हणून सगळं दडपलं गेलं असं. यातलं खरं कुठलं आणि कागद कुठे मिळतील, हे तुम्हाला हवंय.

मी वायुदलात रेडिओ विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गेली अठरा वर्षं बंगाल-आसाममधून उडून बर्माच्या बाजूला हरवलेल्या विमानांचे कागद वाचतोय. त्या सवयीने तुमचा प्रश्न थोडा फिरवून घेतो. ‘विमानाचं काय झालं?’ हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी विचारायचं ते हे: त्या विमानाबद्दलची शेवटची खात्रीची गोष्ट कोणाला, किती वाजता ठाऊक होती, आणि त्याने ती कधी लिहून ठेवली? तुम्ही वाचलेल्या तिन्ही कथांमध्ये नेमकं हेच नाही. तिन्ही कथा शेवटाकडून सुरू होतात. तुम्ही सुरुवातीकडून निघा.

किती हाती लागेल हे मात्र परिस्थितीवर आहे, आणि ते आधीच सांगितलेलं बरं. विमान समुद्रावरून जाणार होतं की डोंगरावरून, महिना कोणता, त्या रात्री एकटं होतं की वीस विमानांबरोबर, आणि क्रूमध्ये कुठल्या कुठल्या देशांची माणसं होती, यावर सगळा फरक पडतो. यातली शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दारं तीच उघडते. तिच्याकडे पुढे येतो.

पहिली गल्लत फोटोपाशीच होते. क्रू ज्या विमानापुढे उभा आहे त्याच विमानातून तो शेवटचा गेला, असं आपण धरून चालतो. तसं बहुतेक वेळा नसतं. विमानं दुरुस्तीला जायची, क्रूला त्या रात्री जे उपलब्ध असेल ते मिळायचं. म्हणून फोटोत विमानाचा क्रमांक दिसत असला तरी तो बाजूला लिहून ठेवा, त्यावर काही बांधू नका. ब्रिटिश विमानांचा क्रमांक दोन अक्षरं आणि तीन अंक असा असतो. टंकलिखित नोंदींत त्यातला एखादा अंक सहज चुकतो. एका प्रकरणात ‘३’ च्या जागी ‘८’ टंकलेला होता आणि मी जवळजवळ दोन वर्षं भलत्याच विमानामागे होतो. ते विमान तर पुढे व्यवस्थित भंगारात निघालं होतं. तेव्हापासून मी क्रमांक किमान दोन वेगळ्या कागदांवर दिसल्याशिवाय खरा धरत नाही.

शोधाची सुरुवात नावांपासून करा. नऊपैकी सगळ्यात वेगळं, कमी आढळणारं आडनाव निवडा आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर शोधा. आजोबांनी लिहिलेली तारीख आणि तिच्या पुढचा-मागचा एकेक दिवस, तिन्ही बघा. रात्रीच्या मोहिमेत उड्डाण एका तारखेला आणि शेवट दुसऱ्या तारखेला, हे नेहमीचं आहे. एक माणूस सापडला की त्याचं स्क्वाड्रन, म्हणजे वायुदलाची तुकडी, कळेल. मग त्याच स्क्वाड्रनचे, त्याच तारखेचे बाकीचे शोधा. शालबनीला वेगवेगळ्या काळात १५९, ३५५, ३५६ अशी लिबरेटर स्क्वाड्रनं होती, त्यामुळे नुसत्या तळाच्या नावावरून स्क्वाड्रन ठरत नाही.

नावं सापडली की ती कुठे कोरली आहेत हे नीट वाचा. इथे घाई करू नका, कारण या एका नोंदीतून बरंच कळतं. नऊच्या नऊ नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर असतील, तर त्यांच्यापैकी कोणाचाही ओळख पटलेला देह मिळाला नाही. त्या स्मारकावर कबर नसलेल्या चोवीस हजारांहून अधिक जणांची नावं आहेत आणि या सगळ्या टापूत हरवलेले वैमानिक तिथेच नोंदवलेले असतात. म्हणजे बहुधा विमान समुद्रात गेलं, किंवा ज्या जंगलात शोधपथक पोचलं नाही तिथे पडलं. नावं रंगून किंवा त्याच्याजवळच्या टाउक्यानच्या दफनभूमीत असतील आणि कबर ‘सामूहिक’ म्हणून नोंदलेली असेल, तर विमान जमिनीवर सापडलं होतं आणि अवशेष वेगळे करता आले नव्हते. याचा अर्थ युद्ध संपल्यावर कोणीतरी तिथे चालत गेलं होतं. आणि सरकारी कामात चालत गेलेला माणूस अहवाल लिहितो.

सगळ्यात मोलाचं म्हणजे फाटाफूट. पाच जण एका कबरीत, दोन जण दुसऱ्याच गावाच्या नोंदीने पुरलेले, आणि दोघं स्मारकावर. असं दिसलं की मी खुर्चीत सावरून बसतो, कारण काही जण विमान पडण्याआधी किंवा पडल्यानंतर विमानाबाहेर होते. त्यांनी उडी मारली असेल, ते पकडले गेले असतील, किंवा समुद्राने एखादा किनाऱ्याला आणून सोडला असेल. त्या संकेतस्थळावर अनेक नावांच्या पानावर मूळ फॉर्मांच्या प्रती असतात. त्यात कबर हलवल्याचा फॉर्म असेल तर त्यावर आधीची दफनाची जागा आणि नकाशाचा संदर्भ असतो. टाउक्यानला अक्याब, मंडाले, मेकटिला आणि साहमॉ इथल्या कबरी एकत्र आणल्या आहेत, त्यामुळे आजची कबर बघून विमान त्या भागात पडलं असं समजू नका. नकाशाचा संदर्भ बहुधा सर्व्हे ऑफ इंडियाच्या चार मैलांना एक इंच या नकाशांचा असतो, आणि गावांची नावं जुन्या स्पेलिंगने. अक्याब म्हणजे आजचं सित्वे, बसेन म्हणजे पाथेन, मोलमेन म्हणजे मॉलम्याइन, प्रोम म्हणजे प्याय. ही यादी हाताशी ठेवा.

आता स्क्वाड्रनची दैनंदिनी. लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ या मालिकेत ती आहे, आणि संगणकीय प्रती त्यांच्या संकेतस्थळावरून मागवता येतात. तिचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० म्हणजे महिन्याचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ म्हणजे प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमान, क्रू, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, काय केलं. तुमच्या विमानासमोर बहुतेक एकच ओळ असेल. उड्डाणानंतर काहीही कळलं नाही, परतलं नाही. ती ओळ वाचून लोक निराश होतात आणि वही मिटतात. खरं काम तिथून पुढे आहे.

त्या रात्री त्याच लक्ष्यावर गेलेल्या प्रत्येक विमानाचा एक तक्ता करा. फक्त त्या स्क्वाड्रनचा नाही. बंगालमधली लिबरेटर स्क्वाड्रनं २३१ ग्रुप या वरच्या गटाखाली एकत्र जायची, तेव्हा शालबनी, दिग्री, धुबुलिया सगळीकडच्या वह्या काढा. उड्डाणाची वेळ, लक्ष्यावरची वेळ, उंची, हवामान, काय दिसलं, कधी उतरले. हरवलेलं विमान म्हणजे या तक्त्यातली रिकामी ओळ, आणि ती भोवतीच्या ओळींवरूनच भरायची. एका प्रकरणात एका स्क्वाड्रनच्या क्रूने लिहिलं होतं, ‘ढगाखाली जमिनीवर स्फोट’. दुसऱ्या तळावरच्या क्रूने जवळजवळ त्याच मिनिटाला लिहिलं होतं, ‘तांबडा उजेड, दोन-तीन सेकंद’. दोघांनाही ते लक्ष्यावरचंच काहीतरी वाटलं. हरवलेल्या विमानाच्या स्क्वाड्रनला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या वहीत ते कधी आलंच नाही. दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात आल्या तेव्हा मला नकाशावर दहा मैलांचं वर्तुळ काढता आलं.

वायरलेसबद्दल माझ्या पेशामुळे थोडं जास्त बोलतो. ‘काहीही संदेश आला नाही’ हे वाचून लोकांना वाटतं की विमान क्षणात नष्ट झालं असणार. तसं ठरवता येत नाही. बॉम्बर जाताना मुद्दाम गप्प राहायचे, कारण संदेश पाठवला की शत्रूला दिशा मिळते. वायरलेस ऑपरेटर तळाचं प्रक्षेपण ऐकत राहायचा, पण बोलायचा नाही. म्हणून जातानाच्या शांततेतून काहीच निष्पन्न होत नाही. परतीच्या वाटेवर मात्र घराकडची दिशा मागणं नेहमीचं होतं. त्याला ‘क्यू-डी-एम’ म्हणायचे. ऑपरेटर संदेश पाठवायची कळ दाबून धरायचा, जमिनीवरचं केंद्र अँटेना फिरवून दिशा घ्यायचं आणि आकडा कळवायचं. इतर विमानांनी दिशा मागितली आणि तुमच्या विमानाने मागितली नाही, तर शंका लक्ष्याच्या अलीकडे-पलीकडे जाते. मागितली आणि मग गप्प झालं, तर शेवटच्या आकड्याची रेषा नकाशावर तळापासून उलटी काढा. विमान त्या वेळी त्या रेषेच्या जवळपास कुठेतरी होतं. एकाच आकड्यावरून अंतर कळत नाही, फक्त दिशा कळते. तरीही अख्ख्या उपसागराऐवजी एक रेषा हाती येते.

इथे घड्याळाबद्दल सावध करतो, कारण चांगले चांगले अभ्यासक इथे घसरतात. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातलं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, म्हणजे ग्रिनिचपेक्षा साडेसहा तास पुढे. काही वह्या ग्रिनिच वेळ लिहितात, काही स्थानिक, आणि सगळ्याच तसं नमूद करत नाहीत. जपानी सैन्य बर्मातही टोकियोची वेळ वापरायचं, म्हणजे ग्रिनिचपेक्षा नऊ तास पुढे. समजा, जपानी नोंद म्हणते की २ तारखेला पहाटे दोन वाजता एक मोठं विमान पाडलं. टोकियोचे पहाटेचे दोन म्हणजे ग्रिनिचचे आदल्या संध्याकाळचे पाच, आणि शालबनीच्या घड्याळात १ तारखेच्या रात्रीचे साडेअकरा. वेळ अडीच तासांनी सरकली आणि वर तारीखही बदलली. हे न करता लोक ‘वेळ जुळत नाही’ म्हणून खरी नोंद टाकून देतात, किंवा ‘तारीख जुळते’ म्हणून खोटी धरून बसतात. तक्त्यात एक जादा रकाना ठेवा आणि प्रत्येक वेळ ग्रिनिचमध्ये करून लिहा. मूळ वेळ खोडू नका.

आता क्रूच्या देशांकडे येतो. या विमानांत ब्रिटिशांबरोबर ऑस्ट्रेलियन, कॅनेडियन, न्यूझीलंडचे लोक सर्रास असायचे. तुमच्या नऊ नावांत एक जरी ऑस्ट्रेलियन निघाला, तर सगळ्यात आधी त्याच्याकडे वळा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘ए ७०५’ नावाची मालिका आहे: वायुदलातल्या मृत, जखमी आणि बेपत्तांच्या फायली. संगणकीय झालेल्या फायली घरबसल्या, फुकट, पानोपान वाचता येतात. त्या एका माणसाच्या फायलीत अख्ख्या विमानाची कहाणी असते, कारण चौकशी विमानाची होते आणि प्रत सगळ्यांच्या फायलींना लागते. कॅनडानेही युद्धात मरण पावलेल्यांच्या सेवा-फायली खुल्या केल्या आहेत. ब्रिटिशांच्या स्वतःच्या अपघात-चौकशीच्या फायली ‘एआयआर ८१’ मध्ये सुरुवातीच्या वर्षांपासून क्रमाने खुल्या होत आल्या आहेत, त्यामुळे १९४४ साठी तिथे अडकून बसण्यापेक्षा ऑस्ट्रेलियन माणूस शोधणं शहाणपणाचं.

अशी फाइल पहिल्यांदा उघडाल तेव्हा वेळ काढून बसा. वरती घरी बेपत्ता म्हणून कळवलेल्या तारेची प्रत असते. मग स्क्वाड्रनच्या प्रमुखाचं आईला लिहिलेलं पत्र, सहा महिन्यांनी मृत्यू गृहीत धरल्याचं पत्र, त्याच्या पेटीतल्या सामानाची यादी. आणि नशीब असेल तर १९४५-४६ मधला शोधपथकाचा अहवाल. त्यात गावप्रमुखाची दुभाष्यामार्फत घेतलेली जबानी असते, अवशेषांचं वर्णन असतं, आणि कधी कधी कॉलरवरची धोब्याची खूण. त्या एका शाईच्या खुणेवरून माणसाची ओळख पटल्याचं मी वाचलंय. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश वायुदलाचे चाळीस हजारांहून अधिक लोक बेपत्ता होते. त्यांच्यासाठी उभारलेली पथकं बर्मा-सयामच्या (सयाम म्हणजे आजचं थायलंड) जंगलांतही गावोगाव फिरली. तुमच्या विमानापर्यंत ती पोचली होती का, हे बघायचं.

जपानी बाजूचं काय? जपानने शरणागतीच्या वेळी बरेच कागद जाळले, त्यामुळे जर्मनीवरच्या मोहिमांसारखा आधार इथे मिळत नाही. तिथे पडलेल्या विमानाचा जर्मनांनी केलेला पंचनामा आणि रात्रीच्या लढाऊ विमानांचे वेळ-जागेसह दावे मिळतात, आणि तरीही ब्रिटन आणि युरोपातल्या तळांवरून उडालेले वीस हजारांच्या वर वैमानिक लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर कबरीविना आहेत. बर्मातल्या जपानी दाव्यांकडे मी फक्त ‘त्या रात्री त्या भागात गाठ पडली होती का’ एवढ्यापुरतं बघतो. पाडल्याचा आकडा दोन्ही बाजूंनी फुगायचा. अंधारात एका विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की कागदावर तीन विमानं पडायची.

त्यापेक्षा कैद्यांचे कागद बघा. पकडलेले वैमानिक रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले जायचे. एप्रिल १९४५ च्या अखेरीस जपानी तिथून निघून गेले आणि जिवंत राहिलेल्यांनी बाहेर आल्यावर जबान्या दिल्या. कोणाला कुठल्या कोठडीत पाहिलं, कोण कुठल्या विमानातला म्हणत होता, हे त्यात येतं. सुटलेल्या कैद्यांच्या प्रश्नावल्या क्यूमध्ये ‘डब्ल्यूओ ३४४’ मध्ये आणि युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांचे कागद ‘डब्ल्यूओ २३५’ मध्ये आहेत. हे वाचताना मन घट्ट करावं लागतं. १५९ स्क्वाड्रनचा वायरलेस ऑपरेटर स्टॅन्ले जेम्स वुडब्रिज याचं विमान ३१ जानेवारी १९४५ रोजी बर्मात पडलं. तो आणि त्याचे काही साथीदार जिवंत पकडले गेले. जपान्यांना सांकेतिक लिपी आणि वायरलेसची माहिती हवी होती. त्याने छळ सोसला, सांगितलं नाही, आणि ७ फेब्रुवारीला त्याचा शिरच्छेद झाला. १९४८ मध्ये त्याला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिश शौर्य सन्मान मिळाला. हे सगळं जगाला कळलं ते खटल्यामुळे. स्क्वाड्रनच्या वहीत त्याही विमानासमोर त्या रात्री ‘परतलं नाही’ यापलीकडे काही असणं शक्य नव्हतं. मी स्वतः वायरलेसवर बसलेला माणूस आहे, आणि ते नाव वाचलं की अजूनही पुढचं पान उलटायला वेळ लागतो.

कारणांबद्दल. महिना एप्रिल-मे असेल तर बंगालमधली कालबैसाखी विसरू नका. दुपारनंतर उठणारी ती वादळं नेमकी उड्डाणाच्या वेळेला गाठू शकत. जून ते सप्टेंबर असेल तर उपसागरावरचे उंच पावसाळी ढग, ज्यांच्या आतल्या उसळीत भल्यामोठ्या विमानाचेही पंख टिकत नाहीत. लिबरेटरचे स्वतःचे दोषही लक्षात घ्या. पेट्रोलची वाफ बॉम्बच्या कप्प्यात साचायची, म्हणून क्रू कप्प्याची दारं किंचित उघडी ठेवून उडायचे. समुद्रावर उतरायची वेळ आली तर कप्प्याची ती पातळ, गुंडाळून वर जाणारी दारं पाण्याच्या पहिल्या तडाख्यात आत यायची आणि विमान फार वेळ तरंगायचं नाही. म्हणून ‘सगळे बेपत्ता, एकही रबरी होडी सापडली नाही’ यात गूढ काही नाही, दुर्दैवाने ते अगदी शक्य आहे.

सोन्याबद्दल सरळ सांगतो, ते डोक्यातून काढा. ही विमानं वजनाच्या काठावर उडायची. २७ ऑक्टोबर १९४४ च्या रात्री १५९ स्क्वाड्रनने पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकले, तेव्हा जाऊन-येऊन तीन हजार मैलांवर अंतर होतं आणि इंधनाचा हिशेब शेवटच्या गॅलनपर्यंत लावलेला होता. बॉम्ब किती आणि कुठले, हे दैनंदिनीत लिहिलेलं सापडतं. बॉम्बच्या मोहिमेवर निघालेल्या विमानात कोणी खजिना ठेवत नाही. अशा कथा लोकांना मोहवतात हे कळतं मला, पण त्या नऊ जणांच्या वाट्याला आलेलं मरण त्यामुळे दुसऱ्याच कुठल्या गोष्टीची सजावट होतं, आणि त्याचा मला राग येतो.

आतापर्यंतचं थोडक्यात: नावांवरून स्क्वाड्रन, स्मारक-कबरींवरून जमीन की समुद्र, सगळ्या स्क्वाड्रनांच्या वह्यांवरून तक्ता, वेळा ग्रिनिचमध्ये, मग ऑस्ट्रेलियन-कॅनेडियन फायली, आणि शेवटी कैदी व खटले. प्रत्येक गोष्टीसमोर मी तीनपैकी एक शब्द लिहितो: ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘शक्य’. एका ‘शक्य’वर दुसरं ‘शक्य’ रचायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

विमान प्रत्यक्ष सापडेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सापडतात, पण क्वचित आणि फार उशिरा. अमेरिकेचं ‘हॉट अ‍ॅज हेल’ नावाचं बी-२४ (म्हणजे लिबरेटरच) २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून आसाममधल्या चाबुआला येताना आठ जणांसह हरवलं. त्या दिवशी हिमालयाच्या त्या वाटेवर हवामान भयंकर होतं. २००६ मध्ये अरुणाचलात दामरो गावाच्या वरच्या डोंगरात ते एका अमेरिकन शोधकाला दिसलं. २०१५ मध्ये अमेरिकी पथकाने तिथे खोदकाम केलं आणि २०१७ मध्ये एका अधिकाऱ्याची ओळख पटल्याचं जाहीर झालं. त्र्याहत्तर वर्षं. अमेरिकन विमानांसाठी ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ नावाचे स्वतंत्र अहवाल असतात, तुम्हाला त्यांची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला असेल.

उद्या तुम्हाला कोणी अवशेषांचे फोटो पाठवले, तर क्रमांकाच्या पट्ट्यांचे आणि इंजिनावरच्या पाटीचे जवळून फोटो मागा, जीपीएसवरची जागा टिपून घ्यायला सांगा, आणि एकही तुकडा हलवू नका म्हणून बजावा. तिथे माणसं असू शकतात. ब्रिटिश क्रू असेल तर त्यांच्या संरक्षण खात्यातलं जेसीसीसी हे केंद्र बघतं. ते आपणहून शोध घेत नाही, पण मानवी अवशेष मिळाल्याचं कळवलं तर पुढची जबाबदारी उचलतं. ती जागा संकेतस्थळावर जाहीर करू नका.

आणि फोटोबद्दल. दोन्ही बाजू पूर्ण, कडा न कापता स्कॅन करा. मागची बाजू तिरप्या उजेडात एकदा वेगळी टिपा, पेन्सिलचे दाब त्यात उठून दिसतात. त्या नऊ घरांपैकी कोणाकडेही हा फोटो नसण्याची शक्यता मोठी आहे. नातेवाईक सापडले तर पहिल्याच पत्रात ‘कसे मेले’ याचा निष्कर्ष पाठवू नका. आधी नुसता फोटो पाठवा आणि त्यांना अजून काही जाणून घ्यायचंय का, ते विचारा.

आज रात्री एवढंच करा. फॉर्म ५४१ च्या त्या ओळीत किती नावं आहेत ती मोजा. फोटोत नऊ आहेत, पण त्या रात्री आठच गेले असतील, हे मी दोनदा पाहिलंय. एखादा तापाने फणफणून दवाखान्यात होता, एखाद्याची बदली झाली होती. आजोबांना तळावरून ते कळलं असेलच असं नाही, त्यांनी फोटोतली सगळी नावं लिहिली. तसं निघालं, तर राहिलेल्या आठांना घटकाभर बाजूला ठेवून आधी त्या नवव्याचा शोध घ्या. त्याचं नाव कुठल्याच स्मारकावर किंवा दफनभूमीत सापडलं नाही, तर तो घरी परतला होता, आणि त्याचं लॉगबुक किंवा पत्रं अजून कोणाच्या तरी कपाटात असतील.